फोमखालचे बारा गोळे

१९७६ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे चार्ल्स मोर्टेल यांनी जेम्स हॅनली यांच्यासह एक प्रयोग प्रसिद्ध केला. मऊ गादीवर लहानमोठे १२ भरीव गोळे मांडले, त्यांवर फोम रबर अंथरलं आणि १६ अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना ते चाचपून मोजायला सांगितलं. गोळे होते तेवढेच राहिले. मापं मात्र हातागणिक बदलली. लांबी-रुंदीचा गुणाकार २५ टक्क्यांनी घटला की औषध लागू पडलं असं मानायचं ठरवलं, तर निव्वळ मापाच्या चुकीने १९ ते २५ टक्के वेळा ‘गुण’ दिसणार होता. अट ५० टक्क्यांची केली की ही फसगत ५ ते १० टक्क्यांवर येत होती.

कर्करोगोपचारांच्या इतिहासात मला हे गोळे फार महत्त्वाचे वाटतात. ५० टक्क्यांची हीच अट १९७९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत आली. रोगी किती जगेल, याच्याशी त्या आकड्याचा थेट संबंध नव्हता. हातावर कितपत विसंबावं, एवढंच तो सांगत होता. पुढे मापासाठी सीटी स्कॅन रुळला. २००० सालच्या ‘रेसिस्ट’ नियमांनी फक्त सर्वांत लांब व्यास धरला आणि तो ३० टक्क्यांनी घटावा असं म्हटलं. हिशोब करून पाहा: गोळ्याचा व्यास ३० टक्क्यांनी घटला की त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ ५१ टक्क्यांनी घटतं. यंत्र नवं, रेघ जुनीच.

त्याच वर्षी हेलसिंकीत पचनमार्गातल्या ‘जिस्ट’ नावाच्या गाठीवर इमॅटिनिब हे औषध प्रथम दिलं गेलं, आणि पुढच्या काही वर्षांत या रेघेची पंचाईत झाली. या औषधाने गाठी आतून मरत. सीटीवर मात्र त्या बरेचदा फारशा आटत नसत, क्वचित फुगलेल्याही दिसत. फक्त त्यांची घनता उतरे. नियमावर बोट ठेवलं असतं, तर गुण देणारं औषध निकामी ठरवून बंद करावं लागलं असतं. टेक्सासच्या एम. डी. अँडरसन केंद्रातल्या हेसुन चोई आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वेगळा निकष मांडला: आकारात १० टक्के किंवा घनतेत १५ टक्के घट.

गाठीचं अंतरंगही बोलतं म्हटल्यावर, उपचारांआधीच ते वाचून भाकीत करावं ही ओढ स्वाभाविक होती. ‘रेडिओमिक्स’ ती तिचीच शाखा. २०१४ मध्ये ह्यूगो एर्ट्स आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या आणि डोकं-मानेच्या कर्करोगाच्या १,०१९ रुग्णांच्या सीटीचे ४४० गुणधर्म गणकाकरवी तपासले. त्यांतल्या ४ गुणधर्मांवरून रुग्णाच्या जगण्याचा अंदाज बांधता येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याचा गाजावाजाही बराच झाला.

२०१९ मध्ये टोरोंटोच्या मॅटिया वेल्च आणि सहकाऱ्यांनी एक खोडसाळ वाटावी अशी तपासणी केली. गाठीची कड तशीच ठेवून आतले करडे ठिपके वाटेल तसे पिसून टाकले. पोत मोडला, तरी भाकीत जवळपास तेवढंच टिकलं. चार गुणधर्मांची ती खूण बव्हंशी गाठीचं आकारमानच सांगत होती. या तपासणीच्या लेखकांत एर्ट्स स्वतःही होते.