केळीच्या ट्रॉलीचा अ‍ॅक्सल आणि डिझाइनचे गणित

यंत्राचा एखादा भाग ठरलेला भार पेलेल की वाकेल, हे तो बनवण्याआधीच तपासणे म्हणजे स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस. त्या तपासणीवरून भागाचा धातू, आकार आणि मापे ठरवणे म्हणजे डिझाइन. बांभोरीचे एसएसबीटी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये, तर जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मध्ये सुरू झाले. धुळे आणि शिरपूरलाही अशी महाविद्यालये आहेत. तिथल्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांना हा विषय अवघड जातो, तो बहुतेक वेळा सूत्रांमुळे नव्हे. भार कुठून येतो आणि कुठे जातो, याचे चित्रच काढलेले नसते.

पुस्तकातला बीम खानदेशात रावेर-यावलच्या केळीच्या ट्रॉलीखाली दिसतो. समजा, दोन चाकांच्या ट्रॉलीच्या अ‍ॅक्सलवर ४० किलोन्यूटन, म्हणजे साधारण चार टन भार आहे. तो स्प्रिंगच्या दोन पाट्यांमधून प्रत्येकी २० किलोन्यूटन असा उतरतो. प्रत्येक पाटा जवळच्या चाकाच्या मध्यापासून २५० मिमी आत आहे, आणि दोन चाकांत १५०० मिमी अंतर आहे.

आधी फ्री बॉडी डायग्राम काढायचा: अ‍ॅक्सल एकटा, खाली दाबणारे दोन भार, वर ढकलणारी दोन चाके. दोन्ही पाट्यांच्या मधल्या भागात बेंडिंग मोमेंट २०,००० गुणिले २५०, म्हणजे ५० लाख न्यूटन-मिमी. अ‍ॅक्सल ७५ मिमी चौरस असेल, तर सेक्शन मॉड्युलस ७५ चा घन भागिले ६, म्हणजे सुमारे ७०,३०० घन मिमी. भागाकार केला की ताण येतो ७१ मेगापास्कल. साध्या स्ट्रक्चरल पोलादाची यील्ड स्ट्रेंथ २५० धरली, तर फॅक्टर ऑफ सेफ्टी साडेतीन.

इथेच पुष्कळ जण पेन खाली ठेवतात. पण चाक बसवण्यासाठी हाच दांडा टोकाला ६० मिमी गोल केलेला असतो. ही पायरी चाकाच्या मध्यापासून १०० मिमीवर असेल, तर तिथला मोमेंट फक्त २० लाख. पण गोल भागाचा सेक्शन मॉड्युलस जेमतेम २१,२०० असल्याने ताण ९४ मेगापास्कल होतो. मोमेंट सर्वांत मोठा जिथे, ताणही तिथेच मोठा, असे नसते.

हाच प्रश्न संगणकावर सोडवताना दोन चुका हमखास होतात. पहिली, चाकांच्या जागी 'फिक्स्ड सपोर्ट' देणे. चाक अ‍ॅक्सलला वर उचलून धरते, पण त्याला वाकताना फिरू देते. टोके पक्की जखडली, तर सरळ एकसारख्या दांड्यात मधला मोमेंट एक-षष्ठांशावर येतो आणि ७१ च्या जागी १२ मेगापास्कल दिसतात. रंगीत चित्र मात्र तितकेच देखणे असते. दुसरी चूक पायरीचा कोपरा धारदार ठेवण्याची. मग मेश जितकी बारीक कराल तितका तिथला ताण वाढतच जातो, उत्तर स्थिरावत नाही. मॉडेलमध्ये आणि खऱ्या अ‍ॅक्सलवरही तिथे गोलाई, म्हणजे फिलेट, द्यावी लागते. दोन्ही चाकांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज ४० किलोन्यूटन येते का, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो. पण जखडलेल्या टोकांची चूक त्यातून सापडत नाही, कारण बेरीज तेव्हाही बरोबरच येते. ती सापडते हाताने काढलेल्या ७१ शी ताडून.

शिवाय ट्रॉली उभी नसते. खड्ड्यात आदळताना भार दुप्पट झाला, तर पायरीवर १८८ मेगापास्कल, आणि कोपरा धारदार असेल तर प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. असे हजारो दणके बसले की यील्डच्या खालच्या ताणानेही बारीक तडा जातो. याला फटिग म्हणतात. कापलेली केळी फार दिवस थांबत नाहीत, त्यामुळे भरल्या ट्रॉलीखाली अ‍ॅक्सल तुटला, तर नुकसान फक्त लोखंडाचे होत नाही.

भंगारातला तुटका अ‍ॅक्सल मिळाला, तर त्याचे तोंड निरखून पाहावे. फटिगने तुटला असेल, तर एका बाजूला गुळगुळीत भाग आणि अनेकदा त्यावर कमानीसारख्या रेषा दिसतात. तडा हळूहळू सरकल्याची ती खूण. उरलेला खरबरीत भाग शेवटी एका दणक्यात तुटलेला असतो. गुळगुळीत भाग जितका मोठा, तितका शेवटच्या क्षणी असलेला भार कमी होता.