महसीर मासेमारी, सह्याद्रीतील
महसीर मासेमारी, सह्याद्रीतील : डोंगराळ नद्यांच्या काठी तळ देऊन गळाने महसीर पकडण्याचा छंद. तो भारतात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी रूढ केला. मायदेशी त्यांचा आवडता मासा ट्राउट. तथापि त्यास बारमाही थंड पाणी लागते. त्यामुळे निलगिरी व काश्मीर येथे तो आणून वाढविता आला. उन्हाळ्यात तापणाऱ्या दख्खनच्या नद्यांत मात्र त्याची जागा महसीराने घेतली. एच. एस. टॉमस यांच्या द रॉड इन इंडिया (१८७३) या ग्रंथामुळे महसीराची कीर्ती वाढली.

दख्खनी महसीराचे (टॉर खुद्री) पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील माशावरून १८३९ मध्ये केले. पुढे धरणांमुळे विणीच्या जागांकडे जाणारे मार्ग अडले, सुरुंगांच्या मासेमारीने संहार झाला व मासा विरळ झाला. त्यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकात टाटा वीज कंपन्यांच्या लोणावळा येथील केंद्रात सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी त्याचे कृत्रिम प्रजनन साधले. तेथील बोटुकली अनेक राज्यांत पाठविण्यात आली.

गळाच्या मासेमारीस उत्तेजन म्हणून ती कावेरीतही सोडली गेली. तेथील मूळच्या कुबड्या महसीराची टॉर रेमादेवी ही शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली, तेव्हा तो अतिसंकटग्रस्त झालेला होता. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत दख्खनी महसीराचा प्रसार प्रमुख मानतात. एका नदीत रक्षणीय असलेला मासा दुसरीत उपद्रवी ठरू शकतो, हे यावरून दिसते.