हिरण्यकाचे दोन संचय

पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रातला हिरण्यक उंदीर स्वभावतः भिडस्त आणि संशयी आहे. त्याच्या बिळाला शंभर तोंडे आहेत. लघुपतनक कावळा मैत्री मागायला येतो तेव्हा तो आतूनच बोलतो. भक्ष्य आणि भक्षक यांचे सख्य कसले, हा त्याचा आक्षेप असतो. हा संवाद वाचताना आपले लक्ष नीतिवचनांवर खिळते आणि त्यानंतर जे घडते ते नजरेतून निसटते. पूर्णभद्राने ११९९ साली सिद्ध केलेल्या, आणि हर्टेल यांनी १९०८ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेल्या संहितेत कावळा एके दिवशी मित्रासाठी मांसाचा तुकडा घेऊन येतो. इकडे उंदरानेही कावळ्यासाठी तुसे काढलेल्या सावा-धान्याची मोठी रास घालून ठेवलेली असते. दोघेही तृप्त असतात, तरी प्रीती दाखविण्यासाठी एकमेकांचे अन्न खातात. येथे भुकेचा व्यवहार नाही, म्हणूनच ‘हितसंबंधांची मैत्री’ हे या तंत्राचे रूढ वर्णन मला अपुरे वाटते.

याच उंदराचा दुसरा संचय पुढे मंथरक कासवाला सांगितलेल्या आत्मकथनात येतो. मठातल्या संन्याशाचे खुंटीवर टांगलेले भिक्षापात्र तो उडी मारून गाठतो. एवढ्याशा जिवाला हे बळ कुठून येते, याचा तर्क पाहुणा बांधतो. बीळ खणले जाते आणि पुरलेले धन निघते. धन जाताच उडी संपते, अनुचरही पांगतात. त्याच्या नावातच हिरण्य, म्हणजे सोने आहे. परंतु सोन्याची रास त्याने कोणापुढे मांडली असे कथा कुठेही म्हणत नाही. मांडली ती धान्याची. सोन्याने अंगात बळ येते, पण ते पाहुण्याला वाढता येत नाही. दोन्ही संचयांना ‘लोभ’ या एकाच सदरात घालणारे वाचन हा भेद गमावते.

कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत बीळ खणणे हे रूपक नाही. कापणीनंतर कातकरी कुटुंबे बांधांतली बिळे उकरतात. उंदीर मिळतात, आणि त्यांनी आत साठवलेल्या भाताच्या लोंब्याही मिळतात. वसाहतकालीन नोंदींचा भर उंदीर खाण्यावर राहिला. जातींची प्रतवारी लावणाऱ्या नजरेला तेच उपयोगाचे होते. लोंब्यांचे तिला काय? वास्तविक त्या लोंब्यांपाशीच प्रश्न उभा राहतो. ते भात पेरणाऱ्याचे, वेचून नेणाऱ्या उंदराचे, की खणणाऱ्याचे? मठातला पाहुणा उंदराचे बळ मोडण्यासाठी खणतो, कातकरी सुगीत वाटा नसल्यामुळे खणतो. एका कृतीला ग्रंथात शहाणपणाचे स्थान मिळाले आणि दुसरीला गॅझेटियरमध्ये हीनतेचे, याची दखल कथेच्या अभ्यासकाने घ्यायला हवी. याच तालुक्यांच्या डोंगरउतारांवर ठाकर-कातकऱ्यांनी पिकवलेली वरी ही हिरण्यकाच्या सावाची भावंडच म्हणावी अशी. (मठातल्या धनाला मात्र इथे भावंड सापडणे कठीण!)

मराठी मुद्रणाच्या आरंभी ही कथा दोन वाटांनी आली. वैजनाथ शर्मा यांचा ‘हितोपदेश’ श्रीरामपूरहून १८१५ साली निघाला. ‘पंचोपाख्यान’ मुंबईत १८२२ साली छापले गेले. पैकी हितोपदेशाच्या संस्कृत मुळातच नारायण पंडिताने ती भेट आटोपती घेतली आहे. दोघे एकमेकांना अन्न देत, क्षेमकुशल विचारीत, विश्वासाने बोलत काळ घालवू लागले, एवढ्यावर तो पुढे सरकतो. तुसे काढण्याचे श्रम, रास, पोट भरलेले असताना खाल्लेला घास, यांपैकी काहीच तिथे उरत नाही. धन खणून काढण्याचा प्रसंग मात्र त्यावरच्या नीतिश्लोकांसह सविस्तर राहतो. या वाटेने हिरण्यकाला भेटलेल्या वाचकाला त्याचे धन ठाऊक असते. त्याने मित्रासाठी सोललेला सावा त्याच्या पाहण्यात येत नाही.