परराष्ट्र खातं नसलेल्या देशाचे डॉक्टर

आंतरराष्ट्रीय संबंधांचा धडा शिकवताना राजदूत, तह आणि शिखर परिषदा हे शब्द आधी येतात. बिगरसरकारी संस्थांना धड्याच्या शेवटी चार ओळी मिळतात. इतिहासातला क्रम मात्र अनेकदा उलटा आहे. १८६३ मध्ये जिनिव्हातल्या पाच नागरिकांनी जखमी सैनिकांसाठी एक समिती स्थापन केली. तीच पुढे रेड क्रॉस झाली. तिच्या आग्रहामुळे पुढच्याच वर्षी १२ सरकारांनी जिनिव्हा करारावर सह्या केल्या. म्हणजे आधी माणसं पुढे आली, सरकारं मागून आली.

आपल्या देशाचा अनुभव तर आणखी वेगळा आहे. १९४७ पूर्वी भारताचं परराष्ट्र धोरण लंडनमध्ये ठरत होतं. मग भारतीय जनतेला जगाशी काही बोलायचं असेल, तर कोणी बोलायचं?

१९१२ मध्ये बाल्कन युद्ध पेटलं. तुर्कस्तानातल्या जखमींच्या बातम्या ऐकून इथल्या मुसलमानांनी वर्गणी गोळा केली. मौलाना मोहम्मद अली यांच्या ‘कॉम्रेड’ या वृत्तपत्राने त्यात पुढाकार घेतला. डिसेंबरमध्ये डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली एक वैद्यकीय पथक मुंबईहून तुर्कस्तानला निघालं आणि १९१३ च्या जुलैमध्ये परतलं. पथकातले अब्दुर रहमान पेशावरी तिकडेच राहिले. पुढे ते अफगाणिस्तानात तुर्कस्तानचे प्रतिनिधी झाले.

पंचवीस वर्षांनी तीच वाट पुन्हा चालली गेली. जपानने चीनवर आक्रमण केलं, तेव्हा चिनी सेनानी झू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. त्या वेळी काँग्रेसची काही प्रांतांत मंत्रिमंडळं होती, पण परराष्ट्र व्यवहार तिच्या हातात नव्हते. तरीही १९३८ मध्ये अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केलं, निधी जमला आणि सप्टेंबरमध्ये पाच डॉक्टर मुंबईहून चीनला निघाले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. चौघे मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत. त्यांनी तिथेच गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख म्हणून काम केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

या दोन पथकांकडे आपण एकाच नजरेने पाहत नाही. कोटणीसांचं नाव घेतलं की मानवता आणि विश्वबंधुत्व आठवतं, आणि ते योग्यच आहे. अन्सारींच्या पथकाचा विषय निघाला की मात्र काहीजण विचारतात, ‘यांची निष्ठा नेमकी कुठे होती?’ तुर्कस्तानच्या खलिफाबद्दल मुसलमानांना धार्मिक आपुलकी होती, हे नाकारण्याचं कारण नाही. पण आपुलकीशिवाय कोणी परक्या देशात जखमा बांधायला जात नाही. चीनला गेलेल्यांमागे साम्राज्यशाहीविरोधी आपुलकी होती, तुर्कस्तानला गेलेल्यांमागे धर्माची. जखमी दोन्हीकडे माणूसच होता. आणि निष्ठेचं उत्तर अन्सारींच्या पुढच्या आयुष्यातच आहे. ते जामिया मिल्लियाच्या संस्थापकांपैकी एक होते आणि १९२७ मध्ये मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

अशा कामाला मर्यादाही असतात. कोटणीसांच्या पुण्याईने १९६२ चं युद्ध टळलं नाही. वर्गणीतून रुग्णालय उभं राहतं, सीमावाद मिटत नाही. पण युद्धानंतरही भारतात आलेले चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांची आठवण ठेवत आले. दोन सरकारांमधलं बोलणं तुटलं तरी दोन समाजांमध्ये एक धागा शिल्लक राहिला, तो एका डॉक्टरमुळे.

१९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ७१ व्या कलमाने बिगरसरकारी संघटनांशी सल्लामसलत करण्याची तरतूद झाली. संघटनांना कागदावर जागा मिळाली ती तेव्हा. मुंबईच्या बंदरातून आपले डॉक्टर त्याआधीच दोनदा निघून गेले होते. आपल्या मुलांना ही दोन्ही पथकं एकाच धड्यात शिकवायला हवीत.