पदाच्या डोक्यावरची ओळ

श्रावणात दोंडाईच्याला कानबाईचे रोट होतात आणि रात्र गाण्यांत जाते. जुन्या आयाबायांना गाणी तोंडपाठ असतात; नव्या सुनांच्या हातात भजनांच्या पातळ चोपड्या असतात. अशी कुठलीही चोपडी उघडावी. शब्द सुरू होण्याआधी बारीक टाइपात एक ओळ असते : 'चाल –' आणि तिच्यापुढे एखाद्या सिनेमातल्या गाण्याचे पहिले दोन-चार शब्द. राग दिलेला नसतो, ताल नसतो, स्वरलेखन तर नसतेच. तरी तेवढ्यावर अख्खी ओटी एका सुरात गाऊ लागते. भीमगीतांच्या पुस्तिकांत ही ओळ आहे, घरी रचून छापून घेतलेल्या मंगलाष्टकांच्या कागदावर आहे, गणेश मंडळांच्या आरतीसंग्रहात आहे. गाणाऱ्याचे काम होते, म्हणून तिच्याकडे कुणी थांबून पाहत नाही.

मी थांबलो, कारण हीच ओळ मला लंडनच्या एका जुन्या नाटकात भेटली.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातला विनोदी ऑपेरा म्हटले की गिल्बर्ट आणि सलिव्हन ही दोन नावे येतात. एकाचे शब्द, दुसऱ्याचे संगीत. 1871 ते 1896 या पंचवीस वर्षांत चौदा कृती. 'पिनाफोर' आणि 'मिकाडो' आजही जगभर होतात. हे सर्वश्रुत आहे. त्या जोडीच्या आधीचा गिल्बर्ट मात्र फारसा वाचला जात नाही. सलिव्हनशी गाठ पडण्यापूर्वी तो गाजलेल्या ऑपेऱ्यांची विडंबने लिहीत असे. त्यातले 'डल्कामारा' 29 डिसेंबर 1866 ला सेंट जेम्स थिएटरात आले. मूळ ऑपेरा इटालियन, दोनिझेत्तीचा. गिल्बर्टने गाणी नवी लिहिली, पण त्यांना नवे संगीत केले नाही. लोकांच्या ओठावर असलेल्या चाली उचलल्या आणि छापील संहितेत प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'एअर –' असे लिहून पुढे त्या चालीचे नाव दिले. म्हणजे थेट आपली 'चाल –'. आपल्या संगीत नाटकांची जुनी पुस्तके ज्याने चाळली आहेत, त्याला ते पान परके वाटूच शकत नाही.

पहिला विचार सरळ येतो तो असा : इंग्रजांकडून ही रीत मुंबईला आली, मुंबईच्या पारशी मंडळींनी ती घेतली, पारशांचे खेळ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांनी घेतली आणि नाटकाच्या पुस्तकातून ती भजनाच्या चोपडीत उतरली. या बाजूने बोलायला जागाही आहे. कैखुशरू काबराजींच्या पुढाकाराने 1868 मध्ये मुंबईत निघालेल्या मंडळीचे नावच 'व्हिक्टोरिया नाटक मंडळी' होते. गाण्यांच्या खेळाला 'ऑपेरा' म्हणण्याची रीत पारशी रंगभूमीवर रुळलेली होती. पुण्यात असाच 'इंद्रसभा'चा खेळ पाहून किर्लोस्करांना संगीत नाटकाची कल्पना सुचली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. 31 ऑक्टोबर 1880 ला 'शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगले. त्याच्याही आदल्या वर्षी, 1879 मध्ये, सोकर बापूजी त्रिलोकेकरांचे 'नलदमयंती' आले होते. त्रिलोकेकर मुंबईचे. आद्य संगीत नाटककाराचा मान कुणाला, हा वाद त्यामुळे अजून जिवंत आहे. चालीच्या ओळीचा इतिहास लिहायचा तर त्रिलोकेकरांना वगळून चालणार नाही, एवढे माझे ठाम मत आहे. मुंबईच्या रंगभूमीचे पाणी मराठी पदांत कसे शिरले, ते त्यांच्या पुस्तकांतच आधी दिसायला हवे.

तरीही लंडनची ही वंशावळ मला मान्य नाही. तिच्या आड पहिली येते ती तारीख. अर्थात इंग्रजांकडेही ही रीत गिल्बर्टच्या पुष्कळ आधीची आहे. जॉन गे याचा 'बेगर्स ऑपेरा' 29 जानेवारी 1728 चा. त्यात 69 गाणी, बहुतेक लोकांत चालत आलेल्या चालींवर, आणि चालींची नावे डोक्यावर. त्याच्याही मागे रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या पोवाड्यांच्या कागदांवर 'अमक्या चालीवर' असे छापलेले असे. पण आपल्याकडे पाहा. 1604 मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात, ज्यात आपल्या नामदेवांचीही पदे आहेत, 'वार' नावाच्या बावीस दीर्घ रचनांपैकी नऊंच्या आरंभी त्या कोणत्या वीरगाथेच्या धुनीवर गायच्या याची सूचना आहे. 'बेगर्स ऑपेरा'च्या सव्वाशे वर्षे आधीची. त्याहून पुरातन साक्ष हवी असेल तर बायबलातल्या बाविसाव्या स्तोत्राच्या शिरोभागी 'पहाटेची हरिणी' अशा अर्थाचे शब्द आहेत आणि पुष्कळ अभ्यासक ती चालीची खूण मानतात. रीत इतकी जुनी आणि इतक्या ठिकाणी उगवलेली असताना तिचा उगम एका शहरात शोधणे फोल आहे. प्रश्न एवढाच उरतो की मराठी नाटकाच्या छापील पानावर ती कोणत्या वाटेने आली.

इथे कीर्तनाचा दावा पुढे येतो, आणि तो सहज बाजूला सारण्याजोगा नाही. 'शाकुंतल'मधल्या दोनशेच्या आसपास पद्यरचनांत साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत यांची रेलचेल आहे. हे सगळे कीर्तनाचे आणि आख्यानाचे धन. तिथे 'दिंडी' एवढा एक शब्द डोक्यावर असला की झाले; दिंडी कशी म्हणायची हे ऐकणाऱ्यालाही माहीत. पण साकी-दिंडी हे साचे झाले. एकाच साच्यात हजारो रचना बसतात. 'चाल –' म्हणून एका विशिष्ट गाण्याचा मुखडा देणे ही वेगळी गोष्ट आहे. ती सूचना म्हणजे नाव-गाव-पत्ता आहे. कीर्तनाने किर्लोस्करांना साचे दिले; पत्ता लिहिण्याची सवय आणखी कुठून तरी आली.

माझे म्हणणे असे की ती गुजराती पोथ्यांतून आली.

जैन साधूंनी सतराव्या-अठराव्या शतकांत गुजराती-राजस्थानीत शेकडो रास रचले. रास म्हणजे गाऊन सांगायची कथा. तिचे भाग 'ढाळ' म्हणून ओळखले जातात आणि प्रत्येक ढाळेच्या आरंभी 'देशी' दिलेली असते : ज्या लोकगीताच्या चालीवर ती म्हणायची त्याचे पहिले शब्द. समयसुंदरांसारखे कवी या देशींच्या वैविध्यासाठी प्रसिद्ध आहेत. मोहनलाल दलीचंद देसाईंनी 'जैन गुर्जर कविओ'साठी हस्तलिखिते धुंडाळताना या देशींची सूची केली, ती दोन हजारांच्या वर गेली. बायकांची गाणी, लग्नातली गाणी, गल्लीतली गाणी; स्वतः कधीच लिहून न ठेवलेली, पण कुणा साधूच्या ढाळेवर मुखड्यापुरती टिकलेली. ही सूची पाहिली की अंगावर काटा येतो. एका प्रांताच्या गळ्याची ती खानेसुमारी आहे.

आता दोन पाने शेजारी ठेवा. गिल्बर्टच्या 'एअर'पुढे चालीला असलेले नाव येते, कारण त्यांच्याकडे गाण्याला शीर्षक असते. देशीपुढे गाण्याचे पहिले शब्द येतात. आपल्या 'चाल'पुढेही पहिले शब्दच येतात. पारशी मंडळींचे सुरुवातीचे लेखन गुजरातीत, त्यांचे कवी गुजराती छापील पुस्तकांवर वाढलेले. साधूची देशी ते पारशी ऑपेऱ्याचे पुस्तक आणि तिथून मराठी पद, ही वाट मला लंडनच्या समुद्रमार्गापेक्षा कितीतरी जवळची वाटते. खान्देशच्या माणसाला ती आणखी जवळची. आमची अहिराणी गुजरातीच्या शेजारी वाढली, आमची रेल्वे सुरतेहून येते, नंदुरबार ओलांडून दोंडाईच्याला थांबते. गुजरातचे गाणे आमच्याकडे यायला कधी मुंबईचा वळसा लागला नाही.

म्हणजे गिल्बर्टची ओळ ही आपल्या ओळीची आई नव्हे, लांबची बहीण. पण त्या बहिणीच्या घरी एक गोष्ट घडली, ती समजली की आपल्या ओळीची किंमत कळते.

1870 मध्ये गिल्बर्टने टेनिसनच्या 'द प्रिन्सेस' या काव्यावर ऑलिम्पिक थिएटरसाठी नाटक केले. गाणी ऑफेनबाखसारख्यांच्या तयार चालींवर, प्रत्येकीवर चालीची ओळ. चौदा वर्षांनी त्याच नाटकाचे पुष्कळसे संवाद घेऊन, गाणी नव्याने लिहून, सलिव्हनच्या संगीतासह त्याने 'प्रिन्सेस आयडा' केले. मधल्या काळात, 26 डिसेंबर 1871 ला, या जोडीचे पहिले नाटक 'थेस्पिस' गेइटी थिएटरात झाले होते. त्याचे संगीत संपूर्ण नवे होते, म्हणून डोक्यावर ओळ नव्हती. आज 'थेस्पिस'चे शब्द आहेत आणि संगीत जवळजवळ सगळे हरवले आहे. एक गाणे सुटे छापले गेले म्हणून राहिले, एक कोरस सलिव्हनने 'पायरेट्स'मध्ये पुन्हा वापरला म्हणून राहिला, आणि नृत्याचे काही संगीत पुढे विसाव्या शतकात सापडले. इंग्रजी रंगभूमीवरच्या सर्वांत लाडक्या जोडीचे हे पहिले अपत्य मुके झाले. त्याच्या पाच वर्षे आधीचे, कुणी फारसे न जपलेले 'डल्कामारा' मात्र आज कुणी मनावर घेतले तर गाता येईल, कारण त्याची प्रत्येक चाल कुठून उचलली ते छापून ठेवले आहे. उसन्या चालीला पत्ता होता.

मराठीत याचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. 'वीरतनय' (1896) मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी-गुजराती रंगभूमीच्या चाली आणल्या. 'मानापमान' (1911) साठी गोविंदराव टेंब्यांनी आणि 'स्वयंवर' (1916) साठी भास्करबुवा बखल्यांनी हिंदुस्थानी चिजा आणि ठुमऱ्या दिल्या, तेव्हा चालीच्या ओळीत बंदिशींचे मुखडे आले. जळगावला लहानपणी मेहबूबखानांकडे गाणे शिकलेल्या बालगंधर्वांच्या गळ्यातून या चाली तबकड्यांवर गेल्या आणि लोक मूळ चीज विसरले. आता ओळीच्या उलट दिशेने चालावे लागते : पद माहीत असते, त्याच्या डोक्यावरची ठुमरी शोधावी लागते.

खान्देशात मात्र याची दुसरी बाजू आहे. बहिणाबाई चौधरींचा जन्म 24 ऑगस्ट 1880 चा, 'शाकुंतल'च्या दोन महिने आधीचा. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतल्या, 1952 मध्ये पुस्तक निघाले. जात्यावरच्या ओवीला कोण चाल लिहिणार? ती घराघरांत ऐकू येत होती. पुढे 1961 च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांनी त्यातल्या काही कवितांना चाली दिल्या. त्या गोड आहेत, मला फार आवडतात, पण आज बहुतेकांच्या कानात बहिणाबाई म्हणजे त्याच चाली. आखाजीच्या झोक्यावरची, गौराईची, कानबाईची गाणी याच वाटेवर आहेत. अहिराणी लोकगीतांचे संग्रह छापताना शब्दांची फार काळजी घेतली जाते, आणि शब्दांच्या डोक्यावरची जागा कोरी राहते.

म्हणून गाणाऱ्या आजीबाईंकडून गाणे उतरवून घेताना मी आधी एकच विचारतो : हे कशासारखं म्हणायचं, आजी? त्या लगेच दुसरे गाणे म्हणून दाखवतात, आणि ते कशासारखे असे विचारले की तिसरे. ध्वनिमुद्रण तर करतोच, पण कागदावर प्रत्येक गाण्याच्या वर त्या दुसऱ्या गाण्याचा मुखडा लिहितो. माझा गुजरातचा सिद्धान्त खरा असेल तर यातले काही मुखडे देसाईंच्या देशींच्या सूचीत सापडले पाहिजेत. सूची अकारविल्हे लावलेली आहे. मी आमची आखाजीची गाणी तिच्याशी ताडून पाहायला घेतली आहेत, कानबाईची त्यानंतर.