कृष्णधवल छायाचित्रांतून भावना कशा व्यक्त होतात?

रंगीत छायाचित्रात नजर बहुधा आधी रंगाकडे धावते. लाल ओढणी, पिवळी भिंत, निळी बादली; चेहऱ्याची पाळी त्यानंतर येते. रंग काढून टाकले की ही ओढाताण थांबते. उरतो तो उजेड, सावली, आकार आणि पोत. कपाळावरची आठी, आवळलेले ओठ, डोळ्यांतला उजेडाचा ठिपका अशा बारीक खुणा त्यामुळे ठळक होतात.

एका आईचा चेहरा

मार्च १९३६. अमेरिकेत महामंदी सुरू होती. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाण्याचे पीक गारठ्याने गेले आणि तोडणीसाठी आलेले मजूर तळावर अडकून पडले. तिथे डोरोथिया लँग यांनी ३२ वर्षांच्या फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन यांचे छायाचित्र टिपले. ते ‘मायग्रंट मदर’ या नावाने जगभर पोहोचले. त्यात दोन मुलांनी आईच्या खांद्यांवर डोके टेकून तोंड फिरवले आहे, मांडीवर तान्हे मूल आहे. मुलांचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून पाहणाऱ्याची नजर थेट आईच्या चेहऱ्यावर येते. गालाला लागलेला हात आणि दूर कुठेतरी लागलेली नजर तिची काळजी सांगून जाते.

रंग काढला की भावना येते का?

नाही. डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायुदुर्घटनेनंतर एका अनोळखी बालकाचा दफनविधी रघू राय यांनी कृष्णधवल, तर पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत छायाचित्रात टिपला. राय यांच्या चित्रात काळपट मातीतून तो लहानगा चेहरा उजळून दिसतो. बार्थोलोम्यू यांच्या चित्राला त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला. दोन्ही चित्रे तितकीच अस्वस्थ करतात. भावना प्रसंगात आणि छायाचित्रकाराच्या नजरेत असते. कृष्णधवल रूप फक्त आजूबाजूचा गोंगाट कमी करते.

मोबाइलवर काढताना

- खिडकीतून एका बाजूने येणारा उजेड घ्या. समोरून पडणाऱ्या फ्लॅशने चेहरा सपाट दिसतो.
- लाल आणि हिरवा रंग सारखेच गडद असतील, तर दोन्हींची करडी छटा जवळजवळ एकच होते. म्हणून रंगांपेक्षा फिकट-गडद फरक पाहा.
- फोटो रंगीत काढून नंतर रूपांतर करा. एडिटिंग ॲपमध्ये लाल छटा वाढवली तर त्वचा उजळ व नितळ दिसते. निळ्या छटेवर भर दिला तर सुरकुत्या आणि डाग उठून दिसतात.
- कॉन्ट्रास्ट जपून वापरा. तो वाढवला की चित्र कठोर होते. मऊ करड्या छटा शांत किंवा उदास भाव देतात.

चेहऱ्यामागचा माणूस

लँग यांनी थॉम्पसन यांचे नावही विचारले नव्हते. चित्रातील स्त्री कोण, हे जगाला १९७८ मध्ये कळले. त्या चित्रातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, अशी नाराजी थॉम्पसन यांनी तेव्हा बोलून दाखवली. आज दुःखी किंवा गरीब माणसाचा फोटो काही सेकंदांत हजारो लोकांपर्यंत जातो. त्यामुळे शटर दाबण्याआधी, निदान पोस्ट करण्याआधी तरी, त्या व्यक्तीची परवानगी घेणे हा या कलेचाच भाग आहे.