सुई टोचण्यापूर्वींची तयारी

जेथें वेदना आहे तेथेंच औषध नेऊन पोंचवावें, ही कल्पना ऐकावयास सोपी वाटते. परंतु ती साध्य होण्यास वैद्यकाला फार काळ लागला. १८४४ सालीं डब्लिन येथील मीथ इस्पितळांत फ्रान्सिस रिंड या शस्त्रवैद्यानें चेहऱ्याच्या असह्य शूळानें पिडलेल्या एका स्त्रीच्या कातडीखालीं, दुखऱ्या मज्जातंतूजवळ, अफूचें सत्त्व सोडलें. त्याच्या उपकरणास दट्ट्या नव्हता. औषध आपल्याच भारानें खालीं उतरे. पुढें १८५३ च्या सुमारास एडिंबरोच्या अलेक्झांडर वुडनें दट्ट्याची पिचकारी याच कामीं लावली. वेदनाशामक सुईचा इतिहास येथून सुरू होतो. मात्र त्यांतील मोलाचा धडा सुईचा नसून, सुई टोचण्यापूर्वीं करावयाच्या तयारीचा आहे.

१८८४ सालीं व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनें कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर होतो हें दाखविलें. लगेच न्यूयॉर्कच्या विल्यम हॉल्स्टेडनें तेंच औषध मज्जातंतूंपाशीं टोचून पाहिलें. प्रयोग स्वतःवर आणि सहकाऱ्यांवरही झाले. औषध पारखण्यापूर्वींच तें वापरल्याची किंमत मोठी पडली. हॉल्स्टेड कोकेनच्या आहारीं गेला.

जर्मनींत कील येथें क्विंकेनें १८९१ सालीं कमरेच्या मणक्यांतून सुई घालण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच नगरांत ऑगस्ट बीरनें १८९८ च्या ऑगस्टमध्यें त्या वाटेनें कोकेन देऊन रोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या. वेदना थांबल्या, पण मागाहून डोकेदुखी व ओकाऱ्या सुरू झाल्या. कारण कळावें म्हणून २४ ऑगस्ट रोजीं बीरनें आपलीच पाठ पुढें केली. सहाय्यक हिल्डेब्रांटनें सुई अचूक घातली. पण पिचकारीचें तोंड सुईला बसेना! मज्जारज्जूभोंवतींचें पाणी वाहून गेलें आणि औषधही सांडलें. प्रयोग सोडावा लागला. तेव्हां हिल्डेब्रांट स्वतः पुढें आला. या वेळीं औषध नीट पोंचलें. नडगीवर हातोडा मारला, पेटता चिरूट टेंकविला, तरी त्याला वेदना झाली नाहीं. सुमारें पाऊण तासानें संवेदना परतल्या. रात्रीं दोघांनीं आनंदानें भोजन केलें. परंतु पुढें बीरला उठून बसतांच डोकें ठणकूं लागे; नऊ दिवस त्याला आडवें राहावें लागलें. पाणी गळून गेल्यानें हें झालें असावें, हें त्यानें ओळखलें. एका न जुळणाऱ्या पिचकारीनें वैद्यकाला बरेंच शिकविलें.

१९०१ सालीं पॅरिसमध्यें सिकार व काथेलँ यांनीं मज्जारज्जूच्या वेष्टनाबाहेर, माकडहाडाच्या बाजूनें औषध देण्याची रीत काढली. १९०५ सालीं नोव्होकेन वापरांत आलें आणि १९४३ सालीं स्वीडनमध्यें लिडोकेन तयार झालें. औषधें निर्धोक होत गेलीं. निष्काळजीपणाला मात्र निर्धोक करणारें औषध निघालें नाहीं. १९४६ सालीं न्यूयॉर्कच्या मेंडेल्सननें, भूल दिली असतां पोटांतील अन्न फुप्फुसांत उतरून कसा अनर्थ होतो, हें दाखविलें. १९४७ सालीं इंग्लंडांत चेस्टरफील्ड येथें साध्या शस्त्रक्रियेसाठीं आलेल्या दोन रोग्यांना एकाच दिवशीं पाठींत सुई दिली गेली आणि दोघांचेही पाय कायमचे गेले. औषधाच्या कुप्या फिनॉलमध्यें ठेवल्या होत्या; डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यांतून तें आंत झिरपलें, असें १९५४ सालीं न्यायालयानें मानलें. पुढील संशोधकांनीं त्या निष्कर्षाविषयीं शंका घेतली, आणि उपकरणें साफ करण्याच्या आम्लाकडेही बोट दाखविलें. दोष कशाचाही असो, तो टोचण्याच्या क्षणापूर्वींच शिरला होता.

म्हणून आज कंबरदुखीच्या रोग्यास सुईपूर्वीं जे प्रश्न विचारतात, ते उगाच नव्हेत. रक्त पातळ करणारें औषध चालू आहे काय? कारण मणक्यांत रक्त सांचल्यास मज्जारज्जूवर दाब येतो. मधुमेह आहे काय? कारण सुईंतील स्टेरॉइडनें साखर वाढते. ताप किंवा अंगावर कोठें पू आहे काय? कोणत्या औषधाचें वावडें? गुंगी द्यावयाची असल्यास पोट रिकामें आहे ना? सोबत घरचें माणूस आहे ना? औषधें मात्र आपल्याच विचारानें बंद करूं नयेत. तें वैद्यानेंच ठरवावें.

रोग्याला हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात. परंतु त्यांतील कांहींच्या मागें कोणाची तरी नऊ दिवसांची डोकेदुखी आहे, आणि कांहींच्या मागें कोणाचे तरी कायमचे गेलेले पाय आहेत. त्यांचीं खरीं उत्तरें देणें, हा रोग्याच्या बाजूचा तयारीचा वांटा होय.